उघडा फिल्टर आणि हळदीचा ढोल

गाडी बिघडली म्हणून लोक मिस्तरीकडे जातात. माझ्याकडे बहुतेक लोक गाडी धडधाकट आहे म्हणून येतात. सात सीटची, उंच, डिझेलची गाडी दारात लावायची, खाली उतरून बॉनेटवरून मायेने हात फिरवायचा आणि म्हणायचं, "मिस्तरी, हिच्यात जरा जीव कमी हाय." असल्या गाडीत दोन बैलगाड्या आणि एक वरात ओढून नेण्याइतका जीव असतो. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हे मी फार लवकर शिकलो.

वसमतहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पहिली वीस वर्षं मी जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर उघडले. मग गावोगावी मोठ्या गाड्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग मोबाइलवरचे व्हिडिओही आले. हा फिल्टर लावा, तो पाइप बदला, गाडी पळायला लागेल. माल घरपोच यायचा, पण बसवणार कोण? कंपनीच्या वर्कशॉपवाले हात जोडून परत पाठवायचे. मी बसवून दिलं. तेव्हापासून 'पिकअप वाढवून देणारा मिस्तरी' ही माझी ओळख झाली आणि आता कळमनुरीपासून परभणीपर्यंतच्या गाड्या माझ्या दारात उभ्या राहतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

ज्यांनी कधी बॉनेट उचललं नाही त्यांच्यासाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. इंजिनाला चूल समजा. लाकूड म्हणजे डिझेल, आणि जाळ धरायला हवा लागते. आपण फुंकणीने हवा मारतो, तसा गाडीत टर्बो असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा तो पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. आता चुलीचा जाळ वाढवायचा तर तीनच गोष्टी हातात आहेत. हवा मोकळी आत येऊ द्या, म्हणजे चांगला फिल्टर. धूर मोकळा बाहेर जाऊ द्या, म्हणजे सायलेन्सरचा रुंद पाइप. आणि लाकूड थोडं जास्त घाला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ट्यूनिंग बॉक्स. हा काडेपेटीहून थोडा मोठा डबा कॉम्प्युटरला समजावतो, की बाबा, डिझेल जरा सढळ हाताने सोड. एवढंच. यात जादू नाही. वॉरंटी मात्र जाते, आणि हे मी पाना हातात घेण्याआधी सांगतो.

त्याहीआधी मी गाडी तपासतो. ब्रेक, टायर आणि क्लच ठीक नसतील तर एक रुपयाचीही ताकद वाढवून देत नाही. पळणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. आणि कित्येकदा ताकद वाढवायची गरजच नसते. हिंगोलीचे एक कार्यकर्ते आले होते, पांढरेशुभ्र कपडे, मागे चार माणसं. म्हणाले, "गाडी पळतच न्हाई. सायलेन्सर असा बसवा की चौकात आवाज आला पाह्यजे." मी म्हटलं, आवाज म्हणजे ताकद नव्हे, आणि आवाजाचा दंड पोलीस तुमच्या नावावर फाडतील, माझ्या नाही. ते हट्टाला पेटले. मी गाडीत बसलो, अॅक्सिलरेटर दाबला, तर पॅडल निम्म्यावरच अडलं. खाली जाडजूड रबरी मॅट घातलेली, तिच्यावर आणखी एक गालिचा. दोन्ही काढून बाहेर ठेवले आणि चक्कर मारून या म्हटलं. पाच मिनिटांनी साहेब परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "काय केलं मिस्तरी?" मी म्हटलं, "सतरंजी उचलली." मागच्या चारही जणांना हसावं की नाही ते कळेना.

माझ्याकडे ताकद मोजायचं यंत्र नाही. ती यंत्रं मोठ्या शहरांत असतात. माझ्याकडे चढ आहे. औंढ्याच्या अलीकडे टेकडीवर जाणारा रस्ता आहे, तिथे खालच्या किलोमीटरच्या दगडापासून वरच्या लिंबाच्या झाडापर्यंत मी गाडी चढवून बघतो. मागे वाळूची चार पोती टाकायची, दगडाशी वेगाचा काटा तीसवर ठेवायचा, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबायचा आणि लिंबाशी काटा कुठे गेला ते बघायचं. गाडी मालकाने स्वतः चालवायची. काम करण्याआधी एकदा, केल्यावर एकदा. त्यामुळे मला फसवता येत नाही आणि त्यालाही मनाचे मांडे खाता येत नाहीत. दोन्ही आकडे मी शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहितो. ते शटर उघडं असताना गुंडाळलेलं असतं, म्हणून आकडे कोणाला दिसत नाहीत, पण लिहिलेलं असतं हे महत्त्वाचं.

इतकं सगळं नीट करणाऱ्या माणसाच्या हातून एक गाडी गेली. ती शोभाताईंची.

शोभाताई कुरुंद्याच्या. आमच्या भागात हळद किती पिकते ते सांगायला नको. हळद काढली की शिजवायची, वाळवायची आणि मग ढोलात घालून घोळायची, म्हणजे वरची खरबरीत साल निघून कांडी चकाकते. याला पॉलिश म्हणतात. शोभाताईंकडे पॉलिशचा फिरता ढोल आहे, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, स्वतःचं छोटं इंजिन असलेला. हा ढोल घेऊन त्या शेतोशेत फिरतात. आधी त्यांचे यजमान फिरायचे. त्यांची कंबर गेली तशी ताई गाडी चालवायला शिकल्या, त्यांनी एक जुनी मोठी डिझेल गाडी घेतली, तिला मागे हूक लावला आणि दोन बायकांना सोबत घेऊन धंदा स्वतः हाती घेतला. ढोलवाल्यांची गावं बांधलेली असतात. अमक्या गावाला अमक्या आठवड्यात ढोल येणार म्हणजे येणार. एकदा का ढोल चुकला, की शेतकरी दुसऱ्याला बोलावतो आणि पुढच्या साली तो दुसराच येतो.

ताई आल्या त्या हंगामाच्या तोंडावर. "मिस्तरी, यंदा औंढ्याकडची वरची चार गावं नवी धरली. पण चढावर ढोल घेऊन गाडी दमून राहिली. दुसऱ्या गिअरवर रांगती. पाठीमागं ट्रॅक्टरवाले हारन वाजवून राहिले, मला लाज वाटती."

"लाज काहून? ट्रॅक्टरवाल्याला पुढं जाऊ द्यायचं."

"तुमी मिस्तरी हाव का कीर्तनकार? पिकअप वाढवा."

मला ही बाई आवडली. मी मन लावून काम केलं. क्लच नवा घातला, टर्बोच्या फाटलेल्या नळ्या बदलल्या, आमचे वेल्डर रौफभाई यांनी सायलेन्सरचा पाइप रुंद करून दिला, बॉक्स बसवला. आणि कंपनीचा फिल्टर ज्या बंद डब्यात असतो तो डबा काढून त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर लावला. तेल लावलेल्या सुती कापडाचा, बॉनेटखाली मोकळा बसणारा. व्हिडिओत सगळे हाच लावतात. चढावर ढोलासकट नेलं. आधी लिंबाशी काटा अठ्ठावीसवर येत होता, म्हणजे गाडी वेग गमावत होती. आता पंचेचाळीसवर आला. ताई स्टिअरिंगवर हात आपटून हसल्या. परतताना त्यांनी एका ट्रॅक्टरला मागे टाकलं आणि हॉर्न वाजवला. मीही हसलो.

हंगामाच्या मध्यावर त्यांचा फोन आला. गाडी त्याच टेकडीच्या पायथ्याशी, ढोलासकट बंद पडली होती. काळा धूर, शिट्टीसारखा आवाज, मग काहीच नाही. वरच्या गावात आठ जणांची हळद वाळून खळ्यावर पडली होती आणि आभाळ भरून येत होतं. वाळलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला तर ती काळी पडून मातीमोल होते, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं.

मी जीप घेऊन पोहोचलो. बॉनेट उचललं आणि पाहतच राहिलो. आतलं सगळं पिवळं. फिल्टरचं कापड दिसतच नव्हतं. फिल्टरचं तेल आणि पॉलिशची धूळ मिळून घट्ट लेप झाला होता, नवरदेवाच्या अंगाला लावतात तसा. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. पाइप काढून टर्बोत बोट घातलं. पंखा आसावर डुगडुगत होता, जो डुगडुगायला नको होता, आणि पात्यांच्या कडा झिजल्या होत्या.

"गाडी दिवसभर कुठं असती, ताई?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? ढोलालाच जोडलेली. सोडायची-जोडायची तकलीफ कोन करतंय? इंजिन चालूच ठिवतो. बायका घोळून घोळून बेजार होत्यात उन्हात, मग आळीपाळीनं गाडीत एसीत बसत्यात."

ढोल फिरतो तेव्हा शेजारच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, एवढी धूळ उडते. त्या धुळीत गाडी रोज सात-आठ तास चालू उभी होती आणि मी तिचं नाक उघडं करून ठेवलं होतं. कंपनीचा फिल्टर डब्यात असतो, चाकावरच्या पत्र्याआडून हवा घेतो, तो कदाचित हंगाम काढून गेला असता. हवा कोंडली, वरून माझा बॉक्स डिझेल सोडतच राहिला. हवा कमी आणि लाकूड जास्त, मग चूल धुमसणारच. वर चढाचा जोर. टर्बो तापून आणि झिजून गेला. त्या बाईंचा धंदा हळदीच्या पॉलिशचा आहे हे मला माहीत होतं. मी चढ विचारला, वजन विचारलं, ट्रॅक्टरवाल्यांचीही चौकशी केली. गाडी उभी कुठे राहते एवढंच विचारलं नाही.

मी काही बोलायच्या आत ताईच म्हणाल्या, "माजंच चुकलं, मिस्तरी. पिकअप आला तशी मी लई रेटली. चढावर पाय उचललाच न्हाई."

आणि मी म्हणालो, "हं."

तेवढंच. एक अक्षर. पण त्या एका अक्षराने मी माझी चूक त्यांच्या पदरात टाकली, हे मला बोलतानाच कळलं होतं. आयुष्यात खोटं बरंच बोललो असेन, इतकं छोटं आणि इतकं मोठं कधी बोललो नाही. मी भ्यालो होतो. ताई आठवड्यात चार गावं फिरतात. त्यांनी एका खळ्यावर सांगितलं असतं तरी माझं नाव पुसायला दुसरं काही लागलं नसतं.

ढोल माझ्या जीपला जोडून वरच्या गावात सोडला आणि ताईंची गाडी ओढून गॅरेजला आणली. रौफभाईंनी फिल्टर हातात घेतला, वास घेतला. म्हणाले, "मिस्तरी, ये तो हल्दी लग गयी. अब शादी किसकी है?" मी हसलो नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई को मालूम है?" मी फिल्टर त्यांच्या हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या गावात गेलो. ढोल फिरत होता, आठ जणांपैकी पाच शेतकरी खळ्यावर बसले होते. ढोल थांबला तेव्हा मी फिल्टर पिशवीतून काढून ताईंच्या समोर धरला. म्हटलं, "ताई, तुमी रेटली म्हणून गाडी गेली न्हाई. हा फिल्टर तुमच्या कामाला चालणारा नव्हता. मी लावला. चूक माझी हाय."

पाचही जणांनी ऐकलं. एकाने तोंडातली तंबाखू थुंकली. ताईंनी फिल्टर उलटसुलट करून पाहिला.

"काल काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"म्या रातभर म्हातारीचं ऐकून घेतलं," त्या म्हणाल्या. म्हातारी म्हणजे त्यांच्या सासूबाई. "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हतं म्हणून. व्हय म्हणून ऐकून घेतलं म्या."

टर्बो नवा घालता येतो. ती रात्र मी त्यांना परत देऊ शकलो नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला खुपतं ते हेच. संध्याकाळी मी कुरुंद्याला जाऊन सासूबाईंनाही सांगून आलो. त्यांनी ऐकलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "तुमी बी कुनाचं ऐकून गाडीला काहीबाही लावू नका." मी मान डोलावली.

टर्बो यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी गॅरेज रौफभाईंच्या भरवशावर टाकलं आणि ढोल माझ्या जीपने ओढला. ताई शेजारी बसायच्या, कामापुरतं बोलायच्या. "डावीकडं घ्या." "हितं थांबवा." बस. माझी जीप जुनी, पिकअपच्या नावाने शंख. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगायची आणि मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायचे. तिसऱ्या दिवशी असाच एकाने वाजवला तेव्हा ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता कळलं का, लाज कशी वाटती ती?" त्या नऊ दिवसांत एकही गाव चुकलं नाही. पाऊस एकदा शिंतडला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या ओढल्या आणि हळद वाचली.

त्या धुळीत मी रोज उभा राहिलो. नाकात, कानात, भाकरीवर, सगळीकडे हळद. उभा राहून पाहिलं, तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी गॅरेजमध्ये कधीच दिसली नसती. धूळ माणसाच्या डोक्यापर्यंत दाट असते, त्याच्या वर विरळ होत जाते. आणि शेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हवेच्या पाइपाला पारदर्शक वाटी बसवलेली असते. हवा तिच्यात गोल फिरते, जड धूळ वाटीत पडते आणि उरलेली हवा आत जाते. मी तीस वर्षं त्या वाट्या धुतल्या होत्या.

मग ताईंच्या गाडीत कंपनीचा बंद डबा परत बसवला. रौफभाईंनी लोखंडी पाइप वाकवून काचेच्या कडेने टपाच्याही वर नेला आणि त्याच्या तोंडाला ट्रॅक्टरची वाटी लावली. वरची हवा स्वच्छ, शिवाय बॉनेटखालच्या हवेपेक्षा थंड, आणि इंजिनाला थंड हवाच मानवते. बॉक्स मी काढून टाकला. चढावर ढोलासकट नेलं. लिंबाशी काटा चाळीसवर आला. पंचेचाळीस नाही, चाळीस.

"पाच कमी हाय," ताई म्हणाल्या.

"पाच कमीच राहू द्या. इंजिन तुमच्या नातवापर्यंत जाईल."

"नातू अजून व्हायचाय," त्या म्हणाल्या आणि गाडी वळवली. बऱ्याच दिवसांनी त्या थोडं हसल्या. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी पहिला प्रश्न विचारतो, की उभी कुठं राहती? लोकांना वाटतं म्हातारा चळला. वाटू दे.

ताई खळ्याखळ्यावर सांगणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि त्यांनी सांगितलंही. हंगाम संपल्यावर महिनाभर माझ्याकडे मोठी गाडी फिरकली नाही. मी पंप आणि स्कूटर दुरुस्त करत बसलो. मग एका सकाळी कळमनुरीकडचा एक माणूस आला. त्याचं मळणीयंत्र आहे, तो ते गाडीमागे लावून गावोगाव फिरवतो. सोयाबीन, तूर, हरभरा, धूळच धूळ. मी विचारायच्या आत त्यानेच सांगून टाकलं, "गाडी भुश्शात उभी राहती, मिस्तरी. मला शोभाताईवाला पाइप पाह्यजे."

मी विचारलं, "ताईनं पाठवलं?"

"व्हय."

"काय म्हणल्या त्या?"

तो जरा घुटमळला. "म्हणल्या, त्या मिस्तरीनं माजी गाडी घालवली. उघडा फिल्टर लावला अन् टर्बो खाल्ला. एक दिवस बोलला बी न्हाई."

"आणि तरी तुमी माझ्याकडं आला? वसमतात दुसरे मिस्तरी हाईत की."

"त्याहिच्याकडं बी गेलतो," तो म्हणाला. "ताईनंच सांगितलं हुतं, पयले सगळ्या मिस्तऱ्याहिला इचार, त्याहिच्या सोताच्या हातून कधी कुनाची गाडी गेली का. तिघं बी म्हणले, कधीच न्हाई. म्हणून तुमच्याकडं आलो."